चौथाई जास्तीचा हात

विनूमामांशी शेकहॅण्ड करायचा म्हणजे आपला हात काही वेळापुरता गेला असं समजायचं. ते हात हातात घेत आणि परत देत नसत. आधी तो उताणा करत, मग पालथा. अंगठा दोन्ही बाजूंना वाकवून बघत, तळव्याचं मांस चिमटीत धरून बघत, आणि हे चालू असताना "प्रवास कसा झाला? विमानात झोप लागली का?" असं सगळं विचारत राहत. शेवटी हाताची किंमत सांगत. किंमत पौंडांत नाही, रुपयांत तर नाहीच. थुरिंगिया नावाच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे. ते राज्य बुडून पंधराशे वर्षं होत आली होती, पण मामांच्या लेखी कायदा अजून लागू होता.

माझा हात त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो कार्डिफ स्टेशनच्या फलाटावर, २००१च्या जानेवारीत. नितीनला तिथे नोकरी लागली होती, आणि आम्ही तिघं, म्हणजे नितीन, मी आणि तीन वर्षांची ईशा, पुण्याहून चार बॅगा आणि एक कुकर घेऊन उतरलो होतो. मामा म्हणजे नितीनचे सख्खे मामा, माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. लग्नात ते आले नव्हते, म्हणून ही आमची पहिलीच भेट. वाकून नमस्कार करावा म्हणून मी पुढे झाले, तर त्यांनी मधल्यामध्ये माझा हातच पकडला.

"साधा हात आहे," ते नितीनला म्हणाले, जणू मी तिथे नव्हतेच. "चांगला आहे हो, पण साधा. चौथाई जास्त नाही."

सासरच्या माणसाने पहिल्याच भेटीत आपल्याला साधं म्हणावं याचं मला फार लागलं. त्यातून मी तेव्हा पोळ्या अगदी गोल करत असे आणि त्याचा मला गर्व होता. मागून मामींचा आवाज आला, "अहो, सोडा तिचा हात. तिला बॅग उचलायचीये." तेव्हा कुठे तो सुटला.

मी गोष्ट सांगायला लागले की मूळ गोष्ट राहते बाजूला आणि मी कुकरचं सांगत बसते, असं नितीनचं म्हणणं आहे. म्हणून आधीच सांगून टाकते. विनूमामांनी आयुष्यात हजारो हात पाहिले, पण ही गोष्ट एकाच हाताची आहे, आणि तो हात कुसुममामींचा.

मामा हातांचे डॉक्टर होते. सत्तरच्या दशकात भोरहून आधी पुण्याला, तिथून इकडे आले आणि कार्डिफच्या आसपासच्या एका हॉस्पिटलात हात शिवायला लागले. कारखान्यात बोटं गेलेली माणसं, काचेवर पडलेली मुलं, ख्रिसमसला टर्की कापताना स्वतःलाच कापून घेणारे गृहस्थ, सगळे त्यांच्याकडे. सव्वीस वर्षं त्यांनी हे काम केलं, पण ते कधी कन्सल्टंट, म्हणजे तिथल्या सगळ्यांत वरच्या जागेवरचे डॉक्टर, झाले नाहीत. शस्त्रक्रिया मामांनी करायची आणि कागदावर नाव दुसऱ्याचं यायचं. यावर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "आम्ही मांडलिक. आमच्यावर फ्रँक."

हे फ्रँक म्हणजे कोण, हे मला पहिले सहा महिने कळलं नव्हतं. मला वाटायचं फ्रँक नावाचा कोणी साहेब असणार.

थुरिंगिया मामांना सापडलं ते एका खोक्यात. मामी दर गुरुवारी जवळच्या चॅपलमधल्या, म्हणजे छोट्या चर्चमधल्या, बायकांच्या शिवण-मंडळात जायच्या, आणि मामा बाहेर गाडीत बसून त्यांची वाट बघायचे. पुढे ते चॅपल बंद झालं. सामान विकायला काढलं त्यात मामांनी पुस्तकांचं एक खोकं उचललं. त्यात पुठ्ठा निघालेलं एक जाडजूड पुस्तक होतं, जुन्या जर्मन टोळ्यांच्या कायद्यांचं. बाकीच्या टोळ्या त्यांनी वाचल्या आणि विसरले. थुरिंगियाशी मात्र त्यांचं जमलं.

त्याचं कारण ते असं सांगत. आजच्या जर्मनीच्या साधारण मध्यभागी हे राज्य होतं. दाट जंगलं, आणि सगळीकडे नावाजलेले घोडे. शेजारच्या फ्रँकांनी ते जिंकलं. शेवटच्या राजाला त्यांनी बोलणी करायला बोलावलं, आणि दोघे शहराच्या तटावर गप्पा मारत उभे असताना तो तटावरून खाली पडला. "पडला," असं म्हणून मामा थोडं थांबायचे. "कसा पडला ते कुणी पाहिलं नाही म्हणे." मग मांडलिकी आली. दरवर्षी फ्रँकांना पाचशे डुकरं द्यायची. राजे गेले, घोडे गेले, डुकरं मात्र शतकानुशतकं चालू राहिली. आणि पुष्कळ वर्षांनी फ्रँकांच्या बादशहाने या लोकांना सांगितलं, तुमचे जे काही कायदे असतील ते लिहून काढा.

"म्हणजे बघ," मामा सांगत, "स्वतःचा कायदा, पण लिहून घेणार दुसरा. आमचे वडील भोर संस्थानात कारकून होते. गोरा साहेब यायचा असला की आठ दिवस आधी दफ्तरं पुसायला लागायचे. मांडलिक म्हणजे काय हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही."

या राज्यकारभारामुळे मामांची रोजची भाषा मोठी विचित्र झाली होती. कौन्सिलचा टॅक्स भरणं म्हणजे डुकरं भरणं. कार पार्किंगचा दंड करणारा म्हणजे फ्रँक. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला, एक सोवळं पाळणाऱ्या काकू तिळगूळ वाटत असताना, मामांनी हॉलच्या या टोकावरून नितीनला विचारलं, "काय रे, तुझी डुकरं गेली का या महिन्याची?" काकूंच्या हातातलं ताट तिरपं झालं. मामी शांतपणे उठल्या, चार वड्या उचलून पुन्हा ताटात ठेवल्या आणि काकूंना म्हणाल्या, "टॅक्सबद्दल बोलतायत हो. तुम्ही घ्या, मी समजावते नंतर." मामींचं अर्धं आयुष्य हे नंतर समजावण्यात गेलं असावं.

आता चौथाईचं. त्या कायद्यात कुणी कुणाचा हात, अंगठा, बोट तोडलं तर किती भरपाई द्यायची ते ठरलेलं होतं. मात्र तीन जणांच्या हाताला इजा केली तर त्यांच्या बरोबरीच्या दुसऱ्या माणसापेक्षा चौथाई जास्त. एक, वीणेसारखं तारांचं वाद्य वाजवणारा. दोन, सोनार. आणि तीन, झालर विणणारी बाई.

"राजाचा हात नाही," मामा बोट वर करून सांगत. "सरदाराचा नाही. डॉक्टरचा तर नाहीच नाही. झालर विणणारी बाई. अरे, जंगलात राहणारे लोक, लिहिता-वाचता येत नाही, आणि हे त्यांना समजत होतं."

मामी क्रोशाने विणायच्या. तशा सगळ्याच मामी, मावशा विणतात, पण मामींचं वेगळं होतं. बोलताना, टीव्ही बघताना, बसस्टॉपवर, त्यांची सुई चालूच. हाताकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मंडळाच्या गणपतीला दरवर्षी नवी झालर त्यांचीच, आणि एका वर्षीसारखी दुसऱ्या वर्षी नाही. ज्या दिवशी मामांनी ते कलम वाचलं त्या दिवसापासून म्हणे त्यांनी मामींना सुरीला हात लावू दिला नाही. कांदा मामा चिरायचे. नारळ मामा खवायचे. ओव्हनमधलं भांडं मामा काढायचे. मंडळात त्यांना बाईलवेडा म्हणत, ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना आवडलं होतं.

"मेधा, तुला सांगते," मामी मला एकदा म्हणाल्या, "वीस वर्षांत मी या घरात कांदा चिरलेला नाही. आणि हे चिरतात तो बघितलायस का? एकेक पाकळी वेगळी करतात. ऑपरेशन असल्यासारखं. उपमा व्हायला दुपार होते."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगू? प्रेमाने करतायत." आणि सुई चालूच. "भूक लागते गं पण."

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघंही बोलत नसत आणि आम्हीही विचारलं नाही. ईशाला त्यांनी आपोआपच आपलं म्हणून घेऊन टाकलं.

२००३च्या उन्हाळ्यात मामा रिटायर झाले होते आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना थुरिंगियाला नेलं. गाडी नितीनने चालवली, दोन दिवस. पोचलो तो दिवस सोमवार होता, म्हणून वस्तुसंग्रहालय बंद. पाऊस. मामा मुळीच खचले नाहीत. त्यांनी नकाशा बघून एका शेताच्या कडेला गाडी थांबवायला लावली, उतरले आणि पावसात उभे राहिले. सगळीकडे बीटचं पीक होतं.

"आजोबा, इथे काय आहे?" ईशाने विचारलं.

"काही नाही," मामा अत्यंत समाधानाने म्हणाले. "बघितलंस? काही म्हणजे काहीसुद्धा नाही."

"मग आपण का आलो?"

याचं उत्तर मलाही हवं होतं. तेवढ्यात आमची गाडी बंद पडली असेल असं वाटून एक शेतकरी ट्रॅक्टरवरून आला. मामांनी त्याच्याशी शेकहॅण्ड केला आणि त्याचा हात ठेवून घेतला. त्याच्या तर्जनीचं एक पेर नव्हतं. एकमेकांच्या भाषेचा एक शब्द येत नसताना ते दोघं पाऊण तास बोलले. कुठलं यंत्र, कसं अडकलं, कुणी शिवलं, सगळं. जाताना त्याने बटाट्यांचं एक पोतं दिलं. मामी गाडीत मागे बसून विणत होत्या. काच खाली करून त्या मला म्हणाल्या, "यांना माणूस दाखव, हे त्याचा हात बघतील." आम्ही दोघी हसलो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

मामींना अटॅक आला तो २००६च्या मार्चमध्ये, एका शनिवारी. मेंदूचा. उजवी बाजू गेली. तीन आठवडे हॉस्पिटल, मग दोन महिने दुसरीकडे व्यायाम वगैरे करून त्या घरी आल्या. पाय सावकाश टाकायला लागला. बोलणं परत आलं, फक्त थांबून थांबून. उजवा हात आला नाही. तो खुर्चीच्या हातावर एका उशीवर ठेवलेला असायचा, आणि मामा दिवसातून सहा वेळा त्याचं एकेक बोट उघडून मिटायचे. हात कधी येईल असं त्यांना विचारलं तर ते सांध्यांची नावं सांगायला लागायचे.

या सगळ्यापेक्षा मला एका गोष्टीचं जास्त वाईट वाटायचं. येईल त्याला मामी सांगायच्या, "माझंच चुकलं. फार विणलं मी. हे सांगत होते नस दबलीये, हाताला आराम दे, मी ऐकलं नाही. हाताचा ताण सगळा डोक्यात गेला." हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी त्यांना रक्ताच्या गुठळीबद्दल सांगितलं होतं, पण मामींचा एकाच डॉक्टरवर विश्वास होता, आणि तो डॉक्टर समोर बसून पेपर वाचत असायचा. मामींनी एकदा त्यांना माझ्यादेखत विचारलं, "विणल्यानेच झालं ना हो?" मामा पेपरातून वर न बघता म्हणाले, "आता ते कशाला, कुसुम."

जूनमध्ये मामींनी आपले सगळे दोरे, सुया, नमुन्यांची पुस्तकं चॅरिटी शॉपला देऊन टाकायला लावली. चार पिशव्या भरल्या. घरात दोऱ्याचा तुकडा नको म्हणाल्या. डाव्या हाताने शिकता येतं असं व्यायाम घ्यायला येणारी फिजिओ सांगत होती, मामी तिच्यापुढे डोळे मिटून घ्यायच्या.

गुरुवारी दुपारी मी मामींजवळ बसायला जात असे, म्हणजे मामांना बाजारहाट करता यायचा. सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी मामींकडे फिजिओ येणार होती, तेव्हा मामा म्हणाले, "मेधा, तू चल माझ्याबरोबर. पिशव्या जड होतात." सुपरमार्केटमधून सामान घेतलं, गाडीत बसलो, आणि मामांनी गाडी सुरूच केली नाही. मटारची फ्रोझन पिशवी त्यांच्या मांडीवर होती. चुकून कुठलंतरी बटण दाबलं गेलं होतं आणि गाडीचे चारही दिवे टिकटिक करत लागत-विझत होते.

"त्यांच्या कायद्यात शेवटी शेवटी एक कलम आहे," मामा म्हणाले.

मी मनात म्हटलं, आता मटार वितळणार.

"इच्छा नसताना, चुकून, एखाद्याने दुसऱ्याला इजा केली, तरी भरपाई पूर्ण. चुकून म्हणून सूट नाही. बाकी पुष्कळ ठिकाणी सूट असते. यांच्यात नाही."

"बरं," मी म्हटलं.

"त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी सकाळी कुसुमच्या हातातून कप पडला. म्हणाली, हाताला मुंग्या आल्यात, बोटं ऐकत नाहीत. मी हात बघितला. मनगटावर टिचकी मारून बघितली. बोटांत ताकद किती ते बघितलं. तोवर अर्ध्या तासात सगळं परत आलं होतं. मी म्हटलं, नस दबलीये. हजार वेळा बघितलंय मी ते. तिला रागावलो, किती विणशील म्हणून. पट्टा बांधला मनगटाला. छान बांधला. मेधा, तिचं तोंड किंचित वाकडं झालं होतं. मला आत्ता आठवतं. तेव्हा माझ्यासमोर होतं ते. मी हात बघत होतो."

अशा वेळी मी नेहमी चुकीचं बोलते. मी म्हटलं, "त्या दिवशी नेलं असतं तरी कदाचित..."

"कदाचित," मामा म्हणाले. "गोळी दिली असती. स्कॅन केला असता. कदाचित काही झालं नसतं, कदाचित झालंच असतं. ते मला कुणी सांगू शकणार नाही. पण ती रोज सांगते, माझं चुकलं. आणि मी रोज ऐकतो."

दिवे टिकटिक करत होते. शेजारच्या गाडीतल्या बाईने वाकून आमच्याकडे बघितलं, ठीक आहात ना अशा अर्थाने. मी हात हलवला.

"मला तिला सांगायचंय," मामा म्हणाले. "चार वेळा सुरुवात केली. दर वेळी माझं मी विषय बदलतो. फ्रँकांवर जातो. तू तिथे बस. तू बसलीस तर मला लाज वाटेल, आणि मी मध्ये सोडून देणार नाही. त्यांच्यात शपथ घ्यायला बारा साक्षीदार लागत. मला एक पुरे."

"आत्ता?"

"आत्ता. मटार फ्रीजमध्ये टाकले की लगेच."

घरी पोचलो तेव्हा फिजिओ निघून गेली होती. मामी खिडकीजवळ खुर्चीत होत्या. मामांनी मटार ठेवले, हात धुतले, ऑपरेशनला धुतात तसे कोपरापर्यंत, आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून मामींच्या समोर बसले. मी सोफ्याच्या टोकाला बसले. बाहेर भुरभुर पाऊस होता.

"कुसुम, थुरिंगियाच्या कायद्यात एक कलम..."

"आज नको हो," मामी म्हणाल्या. "दमलेय मी."

मामांनी माझ्याकडे बघितलं. माझी नजर खाली गेली, मग मी ती वर आणली. साक्षीदार म्हणून तेवढंच माझं काम होतं.

"कलम राहू दे," मामा म्हणाले. "त्या मंगळवारी तुझ्या हातून कप पडला. ती नस नव्हती. तो पहिला अटॅक होता, लहान. कुठल्याही नव्या डॉक्टरला कळला असता. मला कळला नाही. मी तुला त्याच क्षणी हॉस्पिटलला न्यायला पाहिजे होतं. मी पट्टा बांधला."

मामींना शब्द जुळवायला वेळ लागायचा, म्हणून आम्ही दोघंही थांबलो.

"विणल्यामुळे नाही?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"त्याचा काही संबंध नाही. कधीच नव्हता."

मामी खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "वन्संना फोनवर सांगितलं मी. माझी चूक म्हणून." वन्सं म्हणजे माझ्या सासूबाई. "मंडळातल्या बायकांना सांगितलं. त्या पोस्टमनला सांगितलं. तुम्ही इथेच बसला होतात."

"हो."

"पेपर वाचत."

"हो."

"माझे दोरे." इथे त्यांचा शब्द अडकला. त्यांनी डोळे मिटून तो शोधला. "माझे दोरे तुम्ही स्वतः गाडीत घालून दिलेत."

मी आजवर मामींना रागावलेलं पाहिलं नव्हतं. पाचशे डुकरं, सोमवारचं बंद वस्तुसंग्रहालय, दुपारी तीन वाजता होणारा उपमा, सगळं त्यांनी हसून घेतलं होतं. आता त्यांचा चेहरा, जो मार्चपासून थोडा उजवीकडे उतरलेला असायचा, तो अगदी सरळ वाटत होता.

"जरा बाहेर जा," त्या म्हणाल्या.

मामा उठले. खुर्ची जागेवर ठेवली. मला वाटलं दुसऱ्या खोलीत जातील, पण ते स्वयंपाकघरातून मागचं दार उघडून बागेत गेले आणि दार लावून घेतलं.

मामी रडल्या. मार्चपासून पहिल्यांदाच असेल, निदान माझ्यासमोर तरी. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग चहा केला, तो मीच प्यायले, साखर न घालता, माझ्या लक्षातही आलं नाही. मामी मधूनच डाव्या हाताची तर्जनी आणि अंगठा एकमेकांवर घासायच्या, दोऱ्याचा पीळ बघतात तसं, आणि थांबायच्या. विणल्यामुळे नाही, असं त्या एकदा स्वतःशीच म्हणाल्या.

वीस-एक मिनिटं गेली असतील.

"कोट घातलाय का त्यांनी?" मामींनी विचारलं.

मी उठून बघितलं. "नाही."

"नेऊन दे." आणि मी खुंटीवरचा कोट काढत असताना, "आत या म्हणू नकोस."

मामा कपडे वाळत घालायच्या खांबाजवळ उभे होते, घराकडे पाठ करून. चष्म्यावर पाणी होतं. स्वेटरचे खांदे भिजून काळे झाले होते.

"काय म्हणाली?"

"कोट घाला म्हणाल्या."

"आणि?"

"आत या म्हणाल्या नाहीत."

"बरोबर आहे," मामा म्हणाले.

त्यांनी कोट चढवला. बटणं लावायला लागले, पण बोटं नुसती बटणावरून घसरत होती. दोनदा, तीनदा. थंडी होती हे खरं, पण इतकी नव्हती. मी पुढे होऊन खालपासून एकेक बटण लावत वर आले. ते मान वर करून उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा हात त्यांच्या इतक्या जवळ होता आणि त्यांनी तो धरला नाही.

वरचं बटण लावताना मला त्यांच्या खांद्यावरून खिडकी दिसली. मामींनी डाव्या हाताने पडदा थोडा सरकवून धरला होता.

"बघतेय का?" मामांनी न वळता विचारलं.

"बघतायत."

"मग उभा राहतो," ते म्हणाले. "तू जा आत, भिजशील."